गळ्यातली सवत

अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, फोटोवाला "इकडे बघा" म्हणत होता, आणि तेवढ्यात सासूबाईंनी मागून येऊन माझ्या गळ्यात माझी सवत बांधली.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिली बायको वारलेली असली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, अशी आमच्याकडच्या बऱ्याच घरांत रीत आहे. टाक म्हणजे नखाएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली बाई. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, हात खाली सोडलेले. पहिलीचा जीव लेकरात अडकलेला असतो, तिला मान दिला नाही तर ती दुसरीला सुखानं नांदू देत नाही, असं म्हणतात. त्या टाकाला कोणी टाकसुद्धा म्हणत नाही, सरळ सवत म्हणतात. "आंघुळीला जाताना सवत काडू नको." "सवतीला कुकू लावलं का न्हाई?" सासूबाई असं बोलायला लागल्या की मला हसू यायचं. मी बारावी शिकलेली, चौतिसाव्या वर्षी बोहल्यावर चढलेली बाई, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, तर तो मान खाली घालून उभा होता. म्हटलं, जाऊ दे, घालू. चांदीच्या पत्र्याचं असं कितीसं वजन असणार?

सासर सुदुंबऱ्याचं, पण संसार खंडाळ्याला. नवरा एका बंगल्याचा सगळा कारभार बघायचा. बाग, पाण्याचा पंप, गेट, लाइट गेली की जनरेटर. बंगल्याच्या मागे जिना चढून दोन खोल्या आमच्या. मालक मुंबईला, बंगला शनिवार-रविवार पाहुण्यांना दिलेला. लग्नानंतर पाहुण्यांचा स्वयंपाक माझ्याकडे आला. पाहुणे मला मावशी म्हणायचे. मावशी, चहा. मावशी, भजी. मावशी, वायफाय चालत नाहीये. आणि घरातली सहा वर्षांची पोरगी, तिलाही सगळ्यांनी मिळून पढवलेलं, की हिला मावशी म्हणायचं. म्हणजे मी पुढच्या दारीही मावशी आणि मागच्या दारीही मावशीच.

पोरगी माझ्याशी बोलायची नाही. वाईट वागायची नाही हो, बोलायचीच नाही. जेवलीस का? मान हलायची. शाळेत काय झालं? "काय न्हाई." मी तोंडाळ बाई, मला भांडणारं माणूस चालतं, गप्प बसणारं चालत नाही. आठ-दहा दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी मी खाली बसून मेथी निवडत होते, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या गळ्यातला टाक मुठीत धरला. असा खेचून धरला की माझी मान वाकली.

"आजी म्हणली, माझी आई ह्याच्यात हाय."

"हो," मी म्हणाले. काय सांगणार दुसरं?

"मंग तू तिकडं बघ. मला आईशी बोलायचंय."

मी तिकडे बघितलं. तिकडे गॅसचं सिलिंडर होतं.

"आई," ती टाकाला म्हणाली, "ही मावशी वेणी लय घट्ट घालती. डोकं दुखतं. आन डब्यात रोज पोळी-भाजीच देती. आन हिच्या हाताला कांद्याचा वास येतो."

एवढं बोलून तिनं टाक सोडला आणि बाहेर खेळायला गेली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अगं भवाने, मी काय मेलेय का? इथं समोर बसलेय ना! दुसऱ्या दिवशी रागारागानं वेणी सैल घातली. म्हटलं, घे, सुटली शाळेत तर मला सांगू नको. सुटली. तिनं मला सांगितलंच नाही, संध्याकाळी टाकाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी वेणी बेताची घातली. डब्यात थालीपीठ दिलं. हाताला लिंबू चोळलं. आणि हे करताना माझं मलाच हसू आलं, की बाई, तू कुणाच्या सांगण्यावरून एवढी नाचतेस?

मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. संध्याकाळी माझा चहा असायचा त्या वेळेला ती यायची आणि टाक धरायची. मी भिंतीकडे बघायचं, हसायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, कारण मला ऐकू येत नाही असं ठरलेलं. एकदा ती आईला सांगत होती, "ही एकटीच असली की कुकरला शिव्या देती," आणि मला फिसकन हसू फुटलं. तिनं माझ्या गालावर चापटी मारली. "तू ऐकू नको म्हटलं ना!" मी परत सिलिंडरकडे बघायला लागले.

तिथे बसून मला सगळं कळलं. संडासातल्या पालीची तिला भीती वाटते. मागच्या बाकावरची मुलगी तिचं खोडरबर पळवते. बाबा शाळेत मीटिंगला येतात तेव्हा त्यांच्या शर्टाचं बटण तुटलेलं असतं. आई कशी दिसायची हे तिला आता नीट आठवत नाही. हे शेवटचं तिनं टाकाची माफी मागत सांगितलं. त्या दिवशी माझा चहा गार झाला तरी मी हलले नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना फोन करून गावच्या ट्रंकेतला तिच्या आईचा फोटो मागवला आणि तिच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. तिनं मला काही म्हटलं नाही. टाकाला म्हणाली, "आई, आलीस का."

पावसाळ्यात घाटमाथ्यावर काही कमी धुकं नसतं. समोरचा पंपसुद्धा दिसत नाही, पोरं घरात कोंडली जातात. मग ती "गोष्ट" म्हणायची. मागे लागायची, मावशी अशी हाकही न मारता. मला माझ्या आजीच्या चार गोष्टी यायच्या, आणि सांगायला बसल्यावर लक्षात आलं की चारांतल्या तीन गोष्टींत आई मरते. गोष्टीतली आई मेल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. मग दुसरी येते, पोरीला करपलेली भाकरी देते, स्वतःच्या पोरीला तूप वाढते, आणि शेवटी तिला मिरच्यांची धुरी देतात. लहानपणी त्या धुरीला आम्ही टाळ्या पिटायचो. आता माझ्याच घरात बसून मी कुठल्या तोंडानं सांगू? मी गोष्ट जरा फिरवली. म्हटलं, मग दुसऱ्या आईनं तिला तव्यावरची गरम भाकरी वाढली. पोरगी एकदम उठून बसली.

"मंग ती सावत्र कशी?"

मी करपलेल्या भाकरीवर गोष्ट परत आणली, तेव्हा कुठे ती समाधानानं आडवी झाली.

बाहेरही तेच. बाजारात पुढाऱ्याची सभा चालली होती, तो माइकवर ओरडत होता, "सरकार आपल्या मावळाला सावत्र आईसारखं वागवतंय!" लोकांनी काय टाळ्या वाजवल्या! मी भाजीची पिशवी घेऊन उभी. मला वाटलं, वर जाऊन माइक हिसकावून घ्यावा आणि म्हणावं, बाबा रे, रस्ता तुझा खराब, नळाला पाणी नाही तुझ्या, त्यात मला कशाला ओढतोस? टीव्हीवरच्या मालिकेत तर विचारू नका. तिथली सावत्र आई झोपेतसुद्धा दागिने घालून डोळे वटारते. सासूबाई आल्या की ती मालिका लावायच्या, आणि पोरगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून एकेक वाक्य पाठ करायची. मी भांडी घासताना ऐकायचे. म्हटलं, बघू दे, त्यात काय.

त्यात काय, ते पुढे कळलं.

ती आठ वर्षांची झाली होती. पावसाळा संपत आलेला, शनिवार, बंगल्यावर चार कुटुंबं. मी भज्यांचं ताट घेऊन व्हरांड्याकडे गेले, तर पोरगी पायरीवर बसलेली आणि पाहुण्यांतल्या दोन बायका तिच्या दोन बाजूंना. पोरगी मालिकेतल्या आवाजात सांगत होती.

"सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं मिळतं मला. कपडे धुवायला लावते. मी रडले की कोंडून ठेवते. सावत्र आहे ना ती."

सावत्र. दोन वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. अंगावर मीच सकाळी इस्त्री करून घातलेला फ्रॉक. कपडे धुणं सोडा, पाण्याचा पेला कधी उचलून ठेवला नव्हता भवानीनं. आणि मांडीवर चॉकलेटं, बिस्किटाचा पुडा, स्केचपेनचा कोरा करकरीत डबा! तिला एक युक्ती सापडली होती, बाकी काही नाही. आज मला हे कळतं. त्यातली एक बाई उठून माझ्याजवळ आली आणि हळूच, शिकलेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, एक बोलू? स्वतःची असती तर असं केलं असतंत का?"

मी हसून म्हणायला हवं होतं, ताई, तिला विचारा दुपारी तिसरी पोळी कुणी मागून घेतली. पण माझे कान तापले. ताट ठेवलं, पोरीला दंडाला धरून मागच्या दारी नेलं आणि फाडकन तोंडात दिली. गालावर बोटं उमटली.

ती रडली नाही. गाल धरून माझ्याकडे बघत राहिली. ती सांगत होती ती गोष्ट होती. ती मी खरी करून दाखवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिचा मामा तळेगावला असतो, कारखान्यात आहे. महिन्यातून एकदा भाचीला बघायला यायचा, तो नेमका त्या दिवशी आला. गाल बघितला. "कुणी मारलं?"

"मी," मी म्हणाले. लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही. तो चहा न घेता गेला.

त्यानंतर आठ दिवस ती टाकाकडे आली नाही. मी चहा घेऊन रोजच्या जागी बसायचे, रोजच्यासारखी सिलिंडरकडे तोंड करून. ती दारातून यायची, दप्तर टाकायची, बाहेर जायची. मी मनात म्हणायचे, ये गं, सांग की तिला. सांग, हिनं मारलं म्हणून. माझी चांगली लाज काढ, पण ये. माझ्याबद्दलची गाऱ्हाणी ऐकायला मी अशी आसुसले होते. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, तो म्हणाला असता, पोरं हायेत, इसरतात.

पुढच्या रविवारी मामा त्याच्या आईला घेऊन आला. पोरीची आजी, सत्तरीची बाई, जिना चढून धाप लागलेली. खुर्ची दिली तर बसली नाही.

"मारलंस?"

"मारलं."

"का?"

मी सगळं सांगितलं, व्हरांडा, चॉकलेटं, ती बाई, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "पोरगी चुकली. माझ्या लेकीनं मारलं असतं तर मी जिना चढून आले नसते. पण तू मारलंस, म्हणून यावं लागलं." तिच्या बोलण्यात विष नव्हतं, तेच मला जास्त लागलं. आईची थप्पड जेवणापर्यंत विसरली जाते. माझी थप्पड तळेगावापर्यंत गेली होती.

मामा म्हणाला, "आम्ही तिला घेऊन जातो. शाळा चांगली आहे, माझा मुलगा आहे सोबतीला." नवरा म्हणाला, "पोरीला इचारा."

पोरगी पडद्यामागे होती. मामानं विचारलं, "येतेस ना?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा रडवेला झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, हिला जायचंय आणि माझ्या भीतीनं बोलवत नाहीये. अशा बाईचं पुढे काय करतात ते मला त्या गोष्टींतून पाठ होतं.

"न्या," मी म्हणाले. "खरंच न्या. माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही."

तिची बॅग मीच भरली. मग गळ्यातला दोरा सोडला आणि टाक तिच्या मुठीत दिला. "हिला पण ने. बोलायला कुणीतरी लागतं." ती रडतच होती. गाडी गेटातून बाहेर गेली आणि नवरा पंपाकडे गेला, तिथे त्या वेळी काही काम नव्हतं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "सवत उतरवलीस? आगं, तुला अक्कल हाय का न्हाई? उद्या काय इपरीत झालं मंजी?"

"व्हायचं ते झालंय, आत्याबाई," मी म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा फोन मधेच ठेवला.

आम्ही दोघंच राहिलो. पाहुणे यायचे, मावशी मावशी करायचे, मी भजी तळायचे. हात सारखा गळ्याकडे जायचा. दोन वर्षं मान खेचून घ्यायची सवय लागली होती, आता ताठ मानेनं बसवत नव्हतं. संध्याकाळचा चहा मी बंदच केला. रडले मी, खोटं कशाला सांगू. कांदा चिरताना रडायचे, म्हणजे कुणी विचारत नाही.

नऊ दिवसांनी तळेगावहून आजीचा फोन आला. "जेवते, शाळेत जाते, पण तोंडातून शब्द काढत नाही. पहिले तीन-चार दिवस त्या टाकाशी बोलायची. आता ते पण सोडलं. एकदा येऊन जाशील?"

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. दुपारचं उरकलं आणि पहिली मिळाली ती गाडी धरली. सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर मामाचं घर. आजीनं दार उघडलं, आतल्या खोलीकडे हात केला आणि स्वतः स्वयंपाकघरात गेली.

पोरगी खाली फरशीवर बसून चित्र रंगवत होती. वाळली होती. मला बघून उठली नाही. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "मी मारलं ते चुकलं माझं. ते सांगायला आले."

तिनं कंपासपेटी उघडली. पेन्सिलींच्या खाली टाक होता. तो काढून तिनं माझ्यापुढे धरला.

"हे घे."

"अगं, तुझी आई आहे ती. तुझ्याकडेच राहू दे."

"हितं तिला ऐकू येत न्हाई."

"म्हणजे गं?"

"मी तिला सांगितलं, मला ह्या वरच्या पलंगावर झोपायची भीती वाटती. तीनदा सांगितलं. काय झालं न्हाई. मी सांगितलं, मला पोह्यांत शेंगदाणे नको. रोज असतात." तिनं टाक आणखी पुढे केला. "तुझ्या गळ्यात होती तवा सांगितलं की लगेच व्हायचं."

दोन वर्षं मी जे जे केलं ते सगळं तिच्या आईनं केलं होतं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं ना? नाही वाटलं. एवढं मोठं कुणी मला आजवर काही म्हटलं नव्हतं.

मी दोरा घेतला, मागे गाठ मारायला लागले, पण गाठ बसेना. तिनंच माझ्या मागे येऊन गाठ मारली. मग पुढे येऊन बसली, टाक मुठीत धरला आणि असा खेचला की माझी मान खाली आली.

"तू तिकडं बघ."

मी खिडकीकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "हिनं मला मारलं ते जाऊ दे. पण हिनं मामाला 'न्या' म्हटलं. मला जायचं नव्हतं म्हणून मी रडत होते, तरी म्हटलं. हिला सांग, परत कधीच तसं म्हणायचं न्हाई."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या मुठीवर पडत होतं, पण मी खिडकीकडेच बघत होते. मला ऐकू येत नाही असं ठरलेलं होतं.

तिनं टाक आणखी जवळ ओढला.

"सांगितलं का?"

"सांगितलं गं," मी म्हणाले.